पिवळ्या तळव्यांचं बाळ

खालच्या मजल्यावरून ओव्याच्या धुरीचा वास वर आला, की समजावं, त्या घरातल्या बाळाची अंघोळ आटोपली. धुळ्यात हा वास आता फारसा भेटत नाही. बाळांसाठी पावडरी आल्या, क्रीम आली, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. पण तो वास नाकात शिरला, की हातातलं काम तसंच राहतं आणि मी थेट धरणगावाजवळच्या आमच्या गावी जाऊन पोचते. नव्वदच्या आसपास मी तिथे सून म्हणून नांदत होते, आणि तिथेच एका हिवाळ्यात माझा दहा महिन्यांचा मुलगा पिवळा पडला होता.

आधी वाटलं, हळद लागली असेल. तळहात धुतले, तळपाय धुतले, रंग काही जाईना. मग नाकाचा शेंडाही पिवळा दिसू लागला. शेजारपाजारच्या बायका आल्या आणि हनुवटीला बोट लावून एकमताने सांगून गेल्या, कावीळ! आमच्या गल्लीत डॉक्टर नव्हता, पण निदानाला कधी तोटा पडला नाही. मी मात्र आतून पार गोठले होते. आधीच्याच वर्षी मागल्या आळीतलं एक लेकरू काविळीने गेलं होतं आणि त्याच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सासूबाईंना सारा गाव अक्का म्हणे, मीही तेच म्हणे. घर त्यांच्या शब्दावर चाले आणि नातू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी लगेच शेजारच्या गावी सांगावा धाडला. तिथे एक बाई कावीळ ‘जाळायची’. तापलेल्या सळईने दंडावर डाग द्यायची, की झालं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. त्या एवढ्याशा, लोण्यासारख्या दंडावर सळई! माझे यजमान दीपनगरला नोकरीला, घरी येणार ते रविवारी. मी सगळं धाडस गोळा करून म्हणाले, “अक्का, आधी आज जळगावला दाखवू या ना.”

अक्कांनी नातवाला माझ्याकडून आपल्या कडेवर घेतलं. “दखाडी लऊत. पन डॉक्टर बी कावीळच सांगी, ते मंग मनं ऐकजो.”

मी मान डोलावली. दुसरा इलाज तरी काय होता? एस.टी.त मुलगा कंडक्टरच्या हातातल्या पंचाकडे झेपावत होता, खिदळत होता. आजारी मूल असं खिदळतं का, हा विचार माझ्या भेदरलेल्या डोक्यात शिरलाच नाही. मी वाटभर देवांची नावं घेत होते आणि एकही नाव पूर्ण होत नव्हतं.

लहान मुलांचे ते डॉक्टर वयाने तरुण आणि मितभाषी. दवाखान्याच्या भिंतींना पिवळा रंग, वर पिवळा दिवा. त्यांनी बाळाचं पोट चाचपलं. लंगोट पिवळे होतात का, शी पांढरट होते का, विचारलं. तसं काहीच नव्हतं. मग दिव्याकडे पाहून म्हणाले, “या उजेडात मीसुद्धा पिवळाच दिसतो,” आणि बाळाला उचलून तडक बाहेर पायरीवर, उन्हात घेऊन गेले. मी मागे धावले. पण त्यांनी हाक मारली ती अक्कांना. घरात कोणाचं चालतं, हे त्यांनी आम्ही आत पाऊल टाकताच ओळखलं असावं.

“आजी, याचे डोळे तुम्हीच बघा. पांढरा भाग नीट बघा.”

अक्कांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. “डोया ते पांढरा शेतस,” त्या जरा नाइलाजानेच बोलल्या.

“कावीळ असती तर तिथे आधी दिसली असती. याला खायला काय देता?”

हा प्रश्न जणू अक्कांच्या सन्मानासाठीच विचारला होता. चहूकडे केळीच्या बागा. पण केळं थंड, हिवाळ्यात बाळाला चालायचं नाही, हा त्यांचा कायदा. “सकायले गंगाफळ, संध्याकायले गाजर. बठ्ठं घरनं शे, भाऊ! उकाडीसन, तूप टाकीसन देस.” गोठ्याच्या छपरावर चढलेल्या त्या लाल भोपळ्याच्या वेलाचं त्यांना कोण कौतुक!

डॉक्टर खळखळून हसले. “त्याचाच रंग चढलाय अंगावर. पोरगं ठणठणीत आहे. हे कमी करा, खिचडी द्या, केळंही द्या. रंग हळूहळू उतरेल. औषध काही नाही.”

“औशद नई?” अक्कांना हे जरा अपमानास्पदच वाटलं. मी मात्र त्या पायरीवर खाली बसले. हसू आलं, रडू आलं, पदराने नाक पुसलं आणि पुन्हा हसले. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगते, नंतरही क्वचितच.

परतीच्या गाडीत अक्का नातवाला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, भोपळ्याचा राग आला असेल. मग त्यांनी चोळीची बाही वर सरकवली. दंडावर जुने, चकाकणारे गोल डाग होते. मी ते पूर्वीही पाहिले होते, चुलीचे समजून कधी विचारलं नव्हतं.

“मी इतलीशी व्हतू,” नातवावर हात ठेवून त्या म्हणाल्या. “माले कोनी उनमां लई गयं नई.”

गावात उतरल्यावर त्या घरी आल्याच नाहीत. तशाच पुढे, शेजारच्या गावाच्या वाटेला लागल्या. दिलेला सांगावा त्यांना स्वतःच्या तोंडाने मोडायचा होता.

मुलगा आता बापमाणूस झाला आहे. उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून तो समोर जेवायला बसतो आणि मी वाढता वाढता त्याच्या दंडाकडे बघते. तिथे काही नसतं. मी त्याला आणखी एक पोळी वाढते.