आज कोण बसलंय?

पट्टेवाल्या बाई माणसाचं तोंड बघायच्या नाहीत. बघायच्या तो दंड. माणूस खुर्चीवर बसला की यांची मान खाली. बाही वर, दंडाला पट्टा, कानात नळ्या, आणि डोळे त्या लाकडी पेटीतल्या पाऱ्यावर. शेडमधल्या समद्यांचे दंड बाईंना पाठ आहेत असं आम्ही म्हणायचो. पाठ असते तर बरं झालं असतं. माझं सोंग पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. मला लिहिता येत नाही, अंगठा तेवढा झकास उठतो. मी बोलतो, नात लिहिते. ती मधेच पेन थांबवून विचारते, "आजोबा, असं खरंच केलंत तुम्ही?" केलं ना बाई. लिही.

तेव्हा आम्ही खानदेशातून नवे नवे सुरतेला आलेलो. शहराबाहेर गोडादऱ्याकडे अजून शेतं होती, आणि आमची मागांची शेड म्हणजे पत्र्याखालची भट्टी. माझ्या शेजारच्या मागांवर हिलालआप्पा. वयानं मोठा, गावचाच. माग चालवायला त्यानंच मला शिकवलं. मी असा हुशार की पहिल्या दिवशी धोट्याऐवजी माझं बोट आत गेलं. आप्पानं चिंधी बांधली आणि म्हणाला, "सुपडू, कपडा इनाना शे, बोट नई."

बाई नाशिककडच्या. नवरा बँकेत, म्हणून सुरतेत. दवाखान्यातले एक मोठे डॉक्टर लकव्याचा शोध घेत होते. माणसाचं अर्धं अंग का जातं, कोणाचं जातं, जायच्या आधी काय होतं, हे त्यांना हवं होतं. त्यासाठी बाई महिन्यातून एकदा आमच्याकडे यायच्या. शेडमध्ये एवढा खडखडाट की कानातल्या नळीतून काय ऐकू येणार? म्हणून बाजूच्या गल्लीतल्या मारुतीच्या ओट्यावर टेबल मांडायचं, आणि आम्ही एकेकानं जायचं.

बाईंचा प्रश्न ठरलेला. पट्टा सोडता सोडता विचारायच्या, "येऊन गेलेलं काही?" मी पहिल्यांदा सांगितलं, "मेव्हणा येऊन गेला. चार दिवस राहिला." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हात बधिर होऊन परत आला, जीभ जड होऊन परत सुटली, डोळ्यापुढे पडदा येऊन गेला, असं काही? आलेलं मला दिसतं हो. येऊन गेलेलं तुम्हीच सांगायचं."

आमच्या लेखी लकवा म्हणजे वारं. तापलेल्या शेडमधून घामाघूम माणूस बाहेर आला, वारं लागलं, तोंड वाकडं झालं. बाई म्हणाल्या, वारं नाही, नळ्या. "पाण्याचा जोर फार झाला की रबरी नळी कुठंतरी फुटते. नाहीतर आतून गाळ बसत बसत तुंबते. डोक्यात पण रक्ताच्या नळ्याच आहेत." मी म्हटलं, "माझ्या डोक्यात दुसरं काही नाही असं शेठ रोज सांगतो." तेव्हा मात्र हसल्या. मग मी विचारलं, "पण बाई, दुखत नाही, खुपत नाही, मग आजार कसला?" त्या म्हणाल्या, "तोच त्याचा वाईटपणा, सुपडूभाऊ. दुखलं असतं तर तुम्ही धावत आला असता."

आता माझी अक्कल ऐका. मागावरचा माणूस असा उठून जाऊ शकत नाही. तार तुटते, धोट्यातली सुताची कांडी संपते. एक जातो तेव्हा दुसरा दोघांचे माग बघतो. हाजिरीला पण तसंच. एकाच्या नावावर दुसरा उभा राहिला तरी माग चालल्याशी मतलब. बाईंची वही आम्हाला हाजिरीचीच वाटली. नावापुढे काहीतरी पडलं म्हणजे झालं. त्यात आप्पा घाबरलेला. म्हणायचा, "मन्हा पारा वर निंघना तर शेठ माले घर धाडी दी. तूच बस मन्हा नाववर."

मी काय, नाटकी माणूस. सकाळी सुपडू म्हणून बसलो. दुपारी आप्पाची टोपी घातली, आप्पासारखा खोकलो आणि हिलाल म्हणून बसलो. सुपडूनं डावा दंड दिला, हिलालनं उजवा. बाईंनी पारा बघून लिहिलं, "छान आहे." मी शेडमध्ये येऊन आप्पाला दोन्ही हात वर करून दाखवले, पास झालास! आख्खी शेड हसली. पुढचे किती महिने मी आप्पाचा पारा माझ्या दंडावर वाहिला. मला वाटायचं, मोठे उपकार करतोय.

शेडमध्ये तोंडानं कोणी बोलत नाही. ऐकूच येत नाही. समदं हातानं. वाकडं बोट म्हणजे कांडी संपली, छातीवर टिचकी म्हणजे माझे माग बघ, मी चहाला चाललो. समद्या खुणा उजव्या हाताच्या. डावा हात वर झाला की एकच अर्थ, शेठ आला. एक दिवस आप्पानं डावा हात वर केला. मी टोपी सरळ केली, विडी विझवली, आणि असा कामाला लागलो की जन्मात लागलो नव्हतो. आप्पा हात हलवतोय, हलवतोय. मी म्हटलं, आज शेठ फार जवळ आलाय वाटतं, मान वर करायचीच नाही. बऱ्याच वेळानं बघितलं तर शेठ कुठंच नाही. आप्पा मागाला टेकून उभा, उजवा हात डाव्या हातानं उचलून धरलेला, दुसऱ्याचा असल्यासारखा. बाहेर नेलं तर म्हणाला, "हाऊ हात मन्हा नई वाटस रे." चहा होईपर्यंत हात परत आला. बोटं उघडझाप करून दाखवली त्यानं. मग आम्ही हसलो. शेठ नसताना मी कसा राबलो, याची नक्कल मी चहावाल्याला तीनदा करून दाखवली.

आणि त्याच आठवड्यात बाई आल्या. मी आप्पाची टोपी घालून बसलो. बाईंनी विचारलं, "येऊन गेलेलं काही?" मी आप्पाच्या आवाजात म्हटलं, "काही नाही बाई, मजेत."

दोन दिवसांनी, भर सकाळी, आप्पा बसल्यासारखा खाली सरकला. माग चालूच. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, डोळे माझ्यावर, आणि डावा हात वर. मी, मी गाढव, पहिल्यांदा दाराकडे बघितलं, शेठ आला का ते.

लोकांनी त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. मी सोबत गेलो नाही. मी कबुतर आणायला पळालो. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. पिशवीत जिवंत कबुतर घेऊन दवाखान्यात शिरलो तर समोर बाई. म्हटलं, मी सुपडू, आप्पाच्या शेजारच्या मागावरचा. पिशवी फडफडली. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यानं काय केलंय?" करणारा तर पिशवी धरून उभा होता.

बाईंचाच चेहरा उतरलेला. वही उघडून त्या आप्पाच्या नावावरून बोट फिरवत होत्या. "दर महिन्याला पारा चांगला. येऊन गेलेलं काही नाही. मग हे झालंच कसं?" मग माझ्याकडे वळल्या, "सुपडूभाऊ, डॉक्टरांना मी काय सांगू? पारा चांगला असलेला माणूस असा पडला. मग ज्यांना ज्यांना मी 'छान आहे' म्हणून परत पाठवलं, त्यांचं काय? मी गावभर खोटं सांगत फिरतेय का?"

मला वाटलं, गप्प बसावं. आप्पाला बोलता येत नव्हतं, तो सांगणार नव्हता. बाईंना कधी कळलं नसतं. पण त्या आप्पाच्या खाटेजवळ उभ्या राहून आपल्याच शिक्षणावर शंका घेत होत्या, आणि शंका घ्यायची ती माझ्यावर. पिशवीतलं कबुतर गप्प झालं होतं. मी खिशातून आप्पाची टोपी काढली. त्याला उचलताना पडलेली, मी उचलून ठेवली होती. ती डोक्यावर घातली आणि आप्पासारखा खोकलो.

बाईंनी मान वर केली. माझं तोंड त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. आधी कळलं नाही, मग कळलं, आणि त्या भिंतीला धरून स्टुलावर बसल्या. "सगळ्या महिन्यांचं?"

"सगळ्या, बाई."

"आणि हात?"

डाव्या हाताचं सांगितलं. चहावाल्याचं पण सांगितलं. माझी अपेक्षा, त्या कानाखाली वाजवतील. वाजवली असती तर सुटलो असतो. त्या म्हणाल्या, "त्याचा पारा मला एकदा जरी दिसला असता ना, तर गोळ्या देता आल्या असत्या. हे टळलंच असतं असं नाही म्हणत मी. पण देता आल्या असत्या." मग एकदम विचारलं, "असे आणखी किती बसले?"

मी बोटं मोजायला लागलो. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा बाईंनी वही मिटली. आमच्या शेडची समदी पानं त्यांनी माझ्यासमोर आडव्या रेघा मारून रद्द केली. दोन वर्षांचं उन्हातान्हातलं येणं-जाणं. प्रत्येक रेघ सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. डॉक्टरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मला म्हणाल्या, "ह्या वहीवरून उद्या कोणीतरी कुठल्यातरी गावात गोळी देणार किंवा नाही देणार. तो माणूस मला कधी दिसणार नाही. त्याला मी तुमचा दंड देऊ?"

पुढच्या महिन्यात त्या परत मारुतीच्या ओट्यावर. कोरी वही. वेळ वाया जातो म्हणून शेठ कुरकुरला, "बेन, टाइम बगडे छे." बाईंनी आधी त्यालाच बसवलं. पारा इतका वर गेला की शेठ पुन्हा टाइमचं बोलला नाही. उलट गोळ्या खाणाऱ्याला कोणी कामावरून काढणार नाही, असं समद्यांसमोर कबूल केलं. एवढं आधी झालं असतं तर आप्पा माझ्या मागे लपला नसता. आता बाई पट्टा बांधायच्या आधी चष्मा वर करून तोंड बघायच्या आणि विचारायच्या, "आज कोण बसलंय?" बाकीच्यांना एकदा-दोनदा. मला दर वेळी. मी म्हणायचो, "मीच, बाई." पोरं फिदीफिदी हसायची. मी नाही हसायचो.

आप्पा वाचला, पण उजवा हात आणि बोलणं गेलं. घरी त्याची बायको रडायची, हे काय म्हणतात ते कळत नाही म्हणून. मला कळायचं. शेडमधली खुणांची बोली डाव्या हातानं अजून बोलत होता तो. मी वहिनीला एकेक खूण शिकवली. वाकडं बोट म्हणजे शेडमध्ये कांडी संपली, घरी पाणी संपलं. डावा हात वर झाला तर मात्र काम टाकून धावायचं, हे मी तिला दोनदा सांगितलं.

काही वर्षांनी बाईंच्या नवऱ्याची बदली झाली. शेवटच्या दिवशी मी ओट्यावर बसलो. तेच, चष्मा वर, तोंडाकडे नजर.

"आज कोण बसलंय?"

"मीच, बाई."

पारा वर गेला आणि वरच थांबला. बाईंनी हवा सोडली, थोडं थांबून परत बांधला. तिसऱ्यांदा बांधला. मी पाऱ्याकडं बघतच राहिलो. एके काळी दोघांना पुरलेला माझा दंड!

"बाई, कोणाचा हा?"

"आज तुम्हीच बसलाय ना?"

"हो."

"मग तुमचाच."

वहीत माझ्या नावापुढं त्यांनी लिहिलं, गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटून धरली, मी ती दुसऱ्या कोणाला देईन की काय म्हणून.