काकांचा पाय मावेल अशी गाडी

"घाई कोणाले हाय?" असं काकू म्हणायच्या, तेव्हा त्यांचा पदर कमरेला खोचलेला असायचा आणि पायांत चपला असायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. शांतपणे बोलत असते, आणि आपण तिच्या मागे धावत असतो.

मी तेव्हा भिलाईच्या प्लांटमध्ये नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये काका-काकू राहत. मूळचे वर्ध्याकडचे. काका प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. माणूस एवढा उंच, की आमच्या दारातून वाकून आत यायचा. काकू त्यांच्या खांद्याच्याही खाली. त्या टाउनशिपमधल्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या सगळ्यांशी, माझ्याशीसुद्धा, आम्ही चौथीत असल्यासारखं बोलायच्या.

एकदा सुपेल्याच्या बाजारातून येताना काकांच्या स्कूटरला कुत्रं आडवं आलं. काका पडले, पाय मोडला. हाड जुळलं, पण गुडघा काही वाकेना. क्रेनच्या शिड्या चढणं संपलं, तशी काकांनी नोकरी सोडली; काकूंच्या शाळेमुळे क्वार्टर तेवढं राहिलं. एकदा सायकलरिक्षात बसून बाजारात निघाले, तर तो सरळ पाय तोफेसारखा बाहेर. रस्त्यातली पोरं हसली. काका घरी आले आणि त्यानंतर अंगणाच्या फाटकापलीकडे गेलेच नाहीत. जामुलच्या पुढे अहिवारा गाव, तिथे त्यांची धाकटी बहीण दिलेली होती. दर भाऊबीजेला ते तिच्याकडे जात. त्या वर्षी ते गेले नाहीत. तीच बसने आली, ओवाळलं आणि डोळे पुसत परत गेली.

त्याच संध्याकाळी काकूंनी मला हाक मारून सांगितलं, की आपण मोटार घेणार आणि आपणच चालवणार. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती आणि सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती.

शिकल्या त्या सुपेल्याच्या एका ड्रायव्हिंगवाल्याच्या जुन्या जीपवर. पहिल्याच आठवड्यात चौकाच्या मधोमध जीप बंद पडली. मागे जामुलच्या कारखान्यातून सिमेंटची पोती भरून आलेला ट्रक, त्याच्या मागे आणखी दोन, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. शिकवणाऱ्याला घाम फुटला. काकूंनी मागे वळून खिडकीतून डोकं काढलं आणि ट्रकवाल्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. हॉर्न थांबले. मग त्यांनी सावकाश किल्ली फिरवली. हे त्या ड्रायव्हिंगवाल्यानेच मला नंतर हात जोडून सांगितलं.

दुर्गला जाऊन लायसन घेऊन आल्या आणि गाडी कोणती, हा प्रश्न आला. अख्ख्या ओळीला मत होतं. एकाने ॲव्हरेज समजावून सांगितलं, एकाने नंतर विकताना काय येईल ते. बहुतेकांचं म्हणणं होतं, की नवी छोटी गाडी निघाली आहे तिच्यासाठी नंबर लावा. काकू सगळ्यांचं ऐकून घेत आणि चहा पाजत.

"गाडी पाहायले तुमी चाला ना," त्या काकांना म्हणाल्या. काकांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना दुकानादुकानांतून तमाशा करायचा नव्हता.

तेव्हा काकूंनी काय केलं असेल? दुपारी काका झोपले असताना त्यांनी बांबूची एक काठी आणली, कमरेपासून टाचेपर्यंत पायाला लावून मापली आणि तिथेच कापली. रविवारी ती काठी हातात घेऊन त्या निघाल्या. सोबत मी. पुरुष माणूस बरोबर असलेला बरा, असं ओळीचं मत पडलं होतं.

सुपेल्याच्या गाडीवाल्याने बॉनेट उघडून मला इंजिन दाखवायला सुरुवात केली. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. मी गंभीर चेहरा करून उभा राहिलो. काकूंनी डावीकडचं दार उघडलं, काठीचं एक टोक सीटच्या पाठीला टेकवलं आणि दुसरं पुढे नेलं. तो बोलायचा थांबला.

"मैडम, ये डंडा किसलिए?"

"डंडा नहीं है," काकू म्हणाल्या, "हमारे साहब का पैर है."

नव्या छोट्या गाडीत काठी पुढच्या फळीला अडली. एका ठेकेदाराच्या जीपमध्ये ती मावली, पण जीपची पायरीच एवढी उंच, की काकूंनाच चढताना माझा खांदा धरावा लागला. शेवटी प्लांटचे एक साहेब निवृत्त होऊन जाणार होते, त्यांच्या जुन्या पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये काठी आडकाठी न होता बसली. दार रुंद, सीट सोफ्यासारखी. पण पुढची सीट डावी-उजवीकडे मिळून एकच. काकांसाठी ती मागे सरकवली, की काकूंचे पाय क्लचपर्यंत पोचेनात.

मी म्हटलं, "काकू, जमत नाही. दुसरी पाहू."

त्यांनी मला घरी पाठवून दिवाणावरचा लोड मागवला, पाठीशी घेतला आणि क्लच दाबून दाखवला. गाडी ठरली.

पुढच्या दिवाळीपर्यंत गाडी अंगणात उभी होती आणि काका खिडकीतून तिच्याकडे पाहत होते. भाऊबीजेच्या सकाळी काकू तयार झाल्या. मलाही बरोबर यायला सांगितलं होतं; मी मागच्या सीटवर फराळाचे डबे ठेवत होतो. काका दाराच्या चौकटीला धरून उभे.

"मी काय सामान हाओ, लादून न्यायले?" ते म्हणाले.

काकू हळूच म्हणाल्या, "तुमाले नाई नेऊन राहिली मी. मलेच एकटीले भेव वाटते. बाजूले कोणी पायजे."

चौकात ट्रक थांबवणाऱ्या बाईचं हे वाक्य खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. काकांनी चौकट सोडली. मग आले, आधी बसले आणि दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला. पाय व्यवस्थित मावला. त्यांनी तो पुढे पसरून पाहिला आणि दार लावून घेतलं.

सुपेल्याच्या चौकात एक हातगाडी आणि एक बस यांच्यामधून जायची वेळ आली, तेव्हा काकूंचे हात स्टिअरिंगवर खरंच घट्ट झालेले मी पाहिले. आणि बाजूने काकांचा आवाज आला, "येऊ दे... येऊ दे... अजून वीतभर हाय... येऊ दे." आयुष्यभर अवजड लोखंड माणसांच्या डोक्यावरून अलगद नेलेला माणूस होता तो. गाडी निघाली. जामुल मागे पडलं तेव्हा काका रस्त्यातल्या म्हशींवर, खड्ड्यांवर आणि काकूंच्या गिअरवर मोठमोठ्याने टीका करत होते, आणि काकू हसत होत्या.

अहिवाऱ्याला बहीण ताट घेऊन बाहेरच आली. काका आपले आपण उतरले. तिने त्यांना गाडीजवळच ओवाळलं, मग ताट काकूंसमोर धरलं. काकू मागे सरल्या. "भाऊबीजेले मले कावून?" म्हणाल्या.

"आणलं कोणं त्याले?" बहीण म्हणाली, आणि तिने वहिनीला कुंकू लावलं.

पुढे काकाच ओळीतल्या लोकांना "चाला, फिरून येऊ" म्हणून बोलवायचे. गाडीत कधी मी, कधी आमच्या ओळीतल्या बाया. त्यांतल्या दोघींना काकूंनी मैदानावर गाडी शिकवलीही.

काकू निवृत्त झाल्या आणि दोघांनी वर्ध्याला जायचं ठरवलं. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. सकाळी सगळी ओळ रस्त्यावर आली. कोणी डबा दिला, बायांनी डोळे पुसले. काका पुढे बसले, काकूंनी गाडी सुरू केली. गाडी ओळीच्या टोकाशी पोचली आणि काकूंचा हात खिडकीतून बाहेर आला.

आम्ही सगळ्यांनी हात हलवले. पोरं तर उड्या मारून हलवू लागली. गाडी उजवीकडे वळली, दिसेनाशी झाली, आणि मग माझ्या लक्षात आलं, की काकूंनी निरोप दिलाच नव्हता. नियमाप्रमाणे वळायचा इशारा केला होता. मी हे कोणाला सांगितलं नाही. रिकाम्या रस्त्याकडे बघत सगळे अजून हात हलवत होते, आणि त्यांच्याबरोबर मीही.