दोन खाचांची डिस्क

ज्या वस्तूला स्क्रू नाही तिच्यावर विश्वास ठेवू नये, या एका मतावर अठ्ठ्याहत्तर वर्षं निभावून नेलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हा माणूस माझ्या शाळासोबत्याचा बाप. सोबती नोकरीसाठी आखातात गेला तो तिकडचाच झाला, आणि त्याच्यापेक्षा त्याच्या बापाशीच माझी दोस्ती वाढली. सगळं मालवण त्यांना चाचा म्हणतं, मीही म्हणतो. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढून ते घरी परतले, ते जगात बंद असलेलं सगळं उघडून बघायच्या तयारीनंच. घरातला मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, चाचींचं शिवणयंत्र, सगळ्यांची पोटं त्यांनी पाहून ठेवली आहेत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना लाउडस्पीकर खरखरला, तर हे भटजींशेजारी मांडी घालून ॲम्प्लिफायर उघडून बसले. आमच्या लग्नाच्या बहुतेक फोटोंत अंतरपाटाच्या कडेला त्यांचं टक्कल चमकतं. डॉक्टरांकडचं रक्तदाबाचं यंत्रही त्यांनी "ह्या जास्त दाखवता" म्हणून उलटं करून पाहिलं होतं. "चाचा, यंत्र बरोबर आहे. तुमचंच जास्त आहे," डॉक्टर म्हणाले.

अशा माणसाकडे एक काम मात्र असं होतं की त्यात स्क्रूचा संबंध नव्हता. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली जितके खडक आहेत, त्या प्रत्येकाला होडीवाल्यांनी नाव दिलेलं आहे. ही नावं कुठंच लिहिलेली नाहीत. चाचा गेली काही वर्षं म्हाताऱ्या तांडेलांकडे, म्हणजे होडी हाकणाऱ्या जाणत्यांकडे, जाऊन ती गोळा करत होते. खडक कुठं, ओहोटीला किती दिसतो, नाव कुणी ठेवलं, सगळं त्या तांडेलांच्याच आवाजात नोंदवून लॅपटॉपमध्ये ठेवत होते. त्यावरून होणाऱ्या यादीच्या शुद्धलेखनापुरता मी, शाळामास्तर.

मग तो लॅपटॉप आजारी पडला. अर्ध्या तासात तापायचा आणि आपला आपण बंद व्हायचा. "चाचा, निदान सगळं पेनड्राइव्हवर काढून घेऊया," मी म्हटलं. त्यांनी माझा पेनड्राइव्ह हातात घेऊन चारही बाजूंनी पाहिला. "मास्तरा, हेका स्क्रू खंय आसा?" असं म्हणून तो परत माझ्या खिशात घातला.

मुलानं नवा लॅपटॉप पाठवतो म्हटलं, तर यांनी अट घातली: खालून उघडता आला पाहिजे. शेवटी त्यानं तिकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर स्वतः जोडायचा लॅपटॉप पाठवला. सुटे भाग, सोबत छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि डिस्क ज्याची त्यानं निवडून घ्यायची. चाचांच्या चेहऱ्यावर मी ईदेलाही इतका आनंद पाहिला नव्हता.

डिस्क निवडायला त्यांनी महिना लावला. ही नवी डिस्क म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीएवढा चपटा तुकडा. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी तिचा नमुना केला, बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब, आणि तो सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरू लागले. जाडी किती चालेल, चिप्स एकाच बाजूला हव्यात की दोन्ही, यावर मासळीबाजारातही व्याख्यान झालं. "सरंगो घेतास की नाय ता आधी सांगा," कोळीण म्हणाली.

शेवटी मी त्यांना स्कूटरवर घालून कसालला नेलं. हायवेवर एका बाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. चाचांनी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि काउंटरवरच्या डिस्का मोजायला घेतल्या. एका डिस्कच्या टोकाला एक खाच होती, दुसरीच्या टोकाला दोन. त्यांनी दोन खाचांची उचलली.

"चाचा, ती बसात, पण चलाची नाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या मशीनला एका खाचेवाली लागते. दोघींची भाषा वेगळी असते."

"गो बाय, तीस वर्षां इंजिना जोडलंय. दोन खाची म्हणजे दोनय जाग्यार चलता."

घरी आल्यावर डिस्क मात्र अशी चपखल बसली की चाचांनी चाचींना बोलावून दाखवली. स्क्रू आवळला, लॅपटॉप चालू केला. पडद्यावर उत्तर आलं: डिस्क सापडत नाही. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. उत्तर तेच. चाचांनी डिस्क काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. दोन दिवस ते बोललेच नाहीत. "घरात इतकी शांती निकाह झाल्यापासून पयलीच," चाची म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात काळजी होती. त्याच दोन दिवसांत जुना लॅपटॉप दहा मिनिटांवर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच चाचा माझ्या दारात. पुन्हा कसाल. दुकानात शिरून त्यांनी डिस्क काउंटरवर ठेवली आणि टोपी काढली. "बाय, तू सांगलंस ता माका कळाक नाय. चूक माझी."

बाईंनी एका खाचेची डिस्क पुढं केली. या वेळी चाचांनी ती मोजली नाही.

ती चालली. मग माझा पेनड्राइव्ह त्यांनी उंदराची शेपटी धरावी तसा चिमटीत धरून जुन्या यंत्राला लावू दिला. दुपारभर टेबलफॅन जुन्या लॅपटॉपवर रोखलेला आणि चाची वरून विंझणवारा घालतायत, असं आमचं चाललं. पाच-दहा मिनिटांचं काम, मग यंत्र थंड होईपर्यंत चहा. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं इकडं आलं. शेवटची एक फाइल अर्ध्यावर असताना जुना लॅपटॉप बंद झाला, तो पुन्हा सुरू झाला नाही.

त्या फाइलमध्ये एका तांडेलांचा आवाज होता. ते वर्षापूर्वी वारले. त्यांनी सांगितलेल्या एका खडकाची जागा चाचांच्या वहीत आहे, नाव फक्त त्या आवाजात होतं; चाचांनाही ते आठवेना. आम्ही दोघं त्या तांडेलांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या बायकोनं चहा दिला. "मी खंय गेलंय दर्यात? ते सांगीत, मी आयकून सोडी," ती म्हणाली.

परतताना चाचा स्कूटरवर मागे बसले होते. बंदराजवळ आल्यावर म्हणाले, "तू पेनड्राइव्ह दिललंस तेवा घेवक होयो होतो."

आता यादी तयार आहे, छापायला देण्याजोगी. त्या एका ओळीपुढं जागा लिहिली आहे, खोली लिहिली आहे, नावाचा रकाना कोरा आहे. मी म्हटलं, एखादं नाव आपणच ठेवूया. चाचांनी नकारार्थी मान हलवली. रोज सकाळी होड्या लागायच्या वेळेला ते बंदरावर जाऊन उभे राहतात आणि उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला त्या खडकाचं नाव विचारतात.