बंद केलेली तपासणी

वाळूजच्या कारखान्यात मी टाकलेल्या एका शब्दामुळे एका माणसाचा उजवा हात कोपराखाली गेला. आज हे सरळ लिहिता येतं. तेव्हा तीन आठवडे ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

ज्यांचा हात गेला त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. लासूर स्टेशनहून शिफ्टच्या बसनं यायचे. प्रेसवर पत्रा चढवणारी एक यांत्रिक भुजा होती, तिच्यावर त्यांची ड्यूटी. भुजा जाळीच्या पिंजऱ्यात. पिंजऱ्याचं दार उघडलं की दारावरची चावी खाचेतून निघते आणि भुजा जागच्या जागी थांबते. तिथली रीत मात्र अशी की एक जादा चावी खाचेत खुपसून ठेवायची, म्हणजे दार उघडं असलं तरी यंत्राला ते बंदच वाटतं. अडकलेला पत्रा काढायला दर वेळी भुजा थांबवत बसलं तर माल कमी निघतो. सुपरवायझरपासून सगळ्यांना हे ठाऊक होतं. मलाही. या लोकांना अक्कल कधी येणार, असं मी चहा पिता पिता म्हणायचो.

आता माझी अक्कल ऐका. भुजा चालवणाऱ्या संगणकात कॅमेऱ्याचं एक कार्ड होतं. असं कार्ड फोटो स्वतःच मेमरीत लिहून टाकतं, प्रोसेसरला विचारत बसत नाही. म्हणून कर्नेल, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा, त्याला मेमरीचा खरा पत्ता देत नाही, टोपणपत्ता देतो. मध्ये बसलेलं हार्डवेअर तक्ता बघून त्यावरून खरा पत्ता काढतं. तक्त्यात नसलेल्या जागी कार्ड लिहायला गेलं तर तिथंच त्याची मानगूट धरतं. हे लागतंच, कारण दिलेली जागा परत घेतली हे कार्डाला कुणी सांगितलं नाही तर ते लिहीतच राहतं. तिथं आता दुसऱ्या कुणाचं काय ठेवलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

चाचणीच्या दिवशी हेच झालं. ग्राहकाचे लोक समोर उभे आणि कॅमेरा घडीघडी बंद पडतोय. पडद्यावर स्वच्छ येत होतं: कार्डानं न दिलेल्या पत्त्यावर लिहायचा प्रयत्न केला, अडवलं. चूक माझ्या ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवायला मी लिहिलेल्या प्रोग्रॅमची होती. कार्डाचं काम संपायच्या आत मी जागा मोकळी करत होतो. ती चूक शोधायला दोन दिवस तरी गेले असते. संगणक सुरू होताना जी आज्ञांची ओळ वाचतो, तिच्यात मी एक शब्द टाकला आणि पत्त्यांची तपासणीच बंद करून टाकली. कॅमेरा धडधडत चालला. मला पेढा मिळाला. नंतर काढू म्हटलं आणि काढला नाही.

चार महिन्यांनी, सकाळच्या पाळीत, भुजेनं कुठं फिरायचं त्याचे आकडे मेमरीत होते, त्यांच्यावर कार्डानं आपला फोटो लिहिला. मामा आत वाकून पत्रा ओढत होते. पत्रा अडकल्यानं थबकलेली भुजा एकदम फिरली आणि त्यांचा हात प्रेसच्या खांबावर चेचला. ऊस मोडावा तसा आवाज आला. ती मागं गेली आणि पुन्हा त्याच जोरानं आली. मी लाल बटणावर पालथा पडलो तोवर तिसरा तडाखा बसला होता. बाहीत हात राहिला नव्हता, नुसता लगदा होता. मामा ओरडत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते.

चौकशीत जादा चावी सापडली आणि विषय संपला. कामगाराचा निष्काळजीपणा, मामांना कामावरून काढायचं. मी त्याच खोलीत बसलो होतो. काय झालं असणार ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. पण पुरावा हवा, पुरावा हवा, असं मी स्वतःला बजावत राहिलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

तीन आठवड्यांनी तो शब्द काढला, यंत्र चालू केलं. अर्ध्या तासात पडद्यावर तीच ओळ. ती छापून कागद घेऊन मॅनेजरकडं गेलो. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "चावी नसती तर तो आत गेलाच नसता. पुसून टाक हे."

अर्धं खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी त्यांची कॉलर धरून त्यांना कपाटावर आदळलं. काच फुटली, त्यांच्या कानामागून रक्त आलं, तरी मी आणखी दोनदा आदळलं. वॉचमननी मला लाथा घालत गेटबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी कारखाना निरीक्षकांकडं सगळं लेखी दिलं आणि तिथून थेट लासूर गाठलं.

मामा खाटेवर बसले होते. मी सांगितलं, मग आणखी सोपं करून सांगितलं.

"म्हंजी चावीनं नाय झालं?"

"चावीमुळं तुम्ही आत होतात, मामा. भुजा हलली ती माझ्यामुळं."

त्यांनी मान खाली घालून पट्ट्या बांधलेल्या थोट्या हाताकडं बघितलं.

"चावी आमच्या दाजीनं लावली व्हती," ते म्हणाले. दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आदल्या पाळीत त्याच भुजेवर. "त्यानंच माझा हात घेतला आसं वाटलं मला. मागल्या ऐतवारी घरी बोलावलं अन् डाव्या हातानं पाइपानं मारलं. त्यो पाया पडत व्हता, माझीच चूक म्हनत व्हता. एक डोळा गेला त्याचा. बहीण आता तोंड बघत नाय माझं."

त्यांनी मान वर केली.

"ऐतवारी कुठं व्हता तुमी, साहेब?"

मी घरी होतो. दुपारी मटण खाऊन झोपलो होतो.