भेगेत पडलेली चांदीची डबी

मुरुडला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि जमिनीत पुरलेलं लोखंड-पितळ हुडकायचं मशीन हा माझा नाद. बायको म्हणते, गंजके खिळे गोळा करायचं खूळ आहे हे. म्हणू दे. कानात टूंऽ वाजलं की माझ्या अंगात काय संचारतं ते तिला काय कळणार?

मागच्या उन्हाळ्यात मुखेडकडून आतेभावाचा फोन आला. आदल्या संध्याकाळी शेतात धसकटं वेचताना आत्याच्या गळ्यातला दोरा तुटला होता आणि इष्टलिंग चांदीच्या डबीसकट कुठंतरी पडलं होतं. आमच्यात गळ्यात लिंग नसेल तर तोंडात घास घालत नाहीत. आत्या तर पाण्यालाही शिवायला तयार नव्हती. त्यात ती शुगरची पेशंट, गोळीसुद्धा बंद. मठातल्या महाराजांना बोलावून दुसरं बांधून घेऊ म्हटल्यावर भावाच्या अंगावर धावून आली. "तुझं ते मशीन घेऊन ये, आत्ताच्या आत्ता," तो म्हणाला.

मी शटर ओढलं. गाडीत मशीन टाकलं, पहार, टिकाव, खुरपं आणि नवं मागवलेलं दातेरी फावडं टाकलं. आत्याची काळजी होतीच, पण खोटं कशाला बोलू, आतून उकळ्याही फुटत होत्या. आजवर बैलांच्या खुरांना ठोकायच्या झिजलेल्या पत्र्याच काढल्या होत्या. आज खरंच कुणाला तरी माझी गरज पडली होती.

तीन तासांत मुखेडचं शेत गाठलं. रान काळं, तापून दगड झालेलं, आणि पाऊल अडकेल अशा भेगा. आत्या लिंबाखाली बसलेली, ओठ पांढरे पडलेले. मला बघून म्हणाली, लई उशीर केलास. शोधायला आलेल्या बायांनी सकाळपासून रान तुडवलं होतं आणि पायानं ढकललेल्या मातीनं निम्म्या भेगा बुजल्या होत्या. कपाळावर हात मारून घेतला मी.

मशीन फिरवायला लागलो. खिळा, तार, फाळाचा तुकडा. भाऊ पहार घेऊन मागं-मागं यायचा आणि मशीन त्या पहारीलाच बोंबलायचं. शेवटी त्याला बांधावर हाकलला. आणि मग एका रुंद भेगेवर आवाज बदलला. गोड, स्वच्छ, एका जागी. पुन्हा फिरवलं, पुन्हा तोच. हाय, इथंच हाय, म्हणून मी असा ओरडलो की भाऊ धोतर सावरत पळत आला.

दातेरी फावडं मारलं तर पहिल्याच घावाला दात वाकले. ते बनवणाऱ्याला काय शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही. भावानं पहार उचलली, तशी आत्या तिथूनच तडकली, "माझ्या लिंगावर पहार घालतूस व्हय रं?" मग त्यानं पाण्याची बादली आणली, माती मऊ होईल म्हणून. मी बादली हिसकावली. ही माती भिजली की फुगते, भेग मिटली असती आणि डबी कायमची गिळली असती.

मग आम्ही लांबून सुरुवात केली. आवाजाच्या जागेपासून वीतभर अंतर सोडून चारी बाजूंनी पहार घातली, मधलं ढेकूळ सुटं केलं आणि दोघांनी मिळून बाळंतिणीला उचलावं तसं अलगद उचललं. मशीन धरलं, तर आवाज ढेकळातच. ते सगळंच्या सगळं पाण्यानं भरलेल्या टबात ठेवलं. कोरडं काळं ढेकूळ पाण्यात गेलं की आपोआप फुटतं. बुडबुडे आले, कडा ढासळल्या, आणि पांढरं काहीतरी चमकलं. भावानं मला मिठीच मारली.

डबी हातात घेतली तर झाकण उघडं. आत नुसता चिखल.

लिंग दगडाचं, त्याला मशीन वाजत नाही, आणि काळ्या चिखलात काळं लिंग, वर सगळे हरभऱ्याएवढे खडे. आत्या एव्हाना उठून आली होती. खाली बसली, कोपरापर्यंत हात टबात घातला आणि डोळे मिटले. एक खडा चाचपला, सोडला. दुसरा सोडला. असे कितीतरी.

तिचा हात थांबला. मूठ बाहेर आली आणि तिनं डोळे उघडायच्या आधीच म्हटलं, "हे माझं."

स्वच्छ पाणी मागितलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, भावानं वरून धार धरली, आणि ओघळणारं ते पाणी ती उजव्या हातात झेलून प्यायली. मला रडू आवरेना. आत्यानं माझ्याकडं बघितलं, मग भावाकडं.

"गोळी आण आता," ती म्हणाली.