कामाचा शेवटचा दिवस

यांचा गुडघा अमेरिकन सरकारचा आणि हृदय आमचं, असं मी चेष्टेनं म्हणायचे. तरुणपणी हे अमेरिकेत गेले, तिथल्या सैन्यात भरती झाले, गुडघा तिथेच गेला. त्याचा खर्च ते सरकार इथे आखातातही देतं. हृदयाची झडप मात्र बिघडली ती रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात नोकरी करताना. तिचं इथे कुणी काही देत नाही. नोकरी संपली तसा इथला विमाही गेला.

ऑपरेशन अमेरिकेत, लेकीकडे करायचं ठरलं. माजी सैनिकाचं कार्ड आहे, मग मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हातारपणचा सरकारी विमा, कशाला, हा यांचा हेका. पण ते कार्ड चालतं माजी सैनिकांच्याच दवाखान्यात, आणि तो लेकीच्या घरापासून चार तासांवर. छातीत कळ आली तर चार तास कोण थांबणार? मी कानीकपाळी ओरडले तेव्हा कुठे तयार झाले. मेडिकेअरमध्ये नोकरी संपल्यापासून आठ महिन्यांत नाव घालायचं. नाहीतर जानेवारीपर्यंत थांबा, आणि वर उशिराचा दंड लागला तर तो जन्मभर हप्त्यात भरा.

इथे आपल्या लोकांत नोकरी संपली म्हणजे व्हिसा कॅन्सल झाला. घरभाडं, बँक, सगळं त्या तारखेपासून मोजायचं. आमचा कॅन्सल झाला एप्रिलमध्ये. म्हणजे डिसेंबरपर्यंत वेळ आहे, घाई कसली? मीच म्हटलं, अजमानातल्या माझ्या फराळाच्या ऑर्डरी संपू देत, मग फॉर्म भरू.

नोव्हेंबरच्या चार तारखेला लेकीचा फोन. "आई, इट काउंट्स फ्रॉम द लास्ट वर्किंग डे." हे कामावर शेवटचे गेले ते फेब्रुवारीत, व्हिसा कॅन्सल व्हायला पुढे दोन महिने कागदपत्रांत गेले. चकलीचा सोऱ्या हातात तसाच राहिला. मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती.

फॉर्मवर कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख आणि कंपनीचा शिक्का लागणार होता म्हणून दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. क्लार्क भला माणूस. आमची तोंडं बघून म्हणाला, "मॅडम, एप्रिल लिख देता हूँ. खलास." मला तर देव भेटला. लिहू दे की, मी म्हटलं.

"फेब्रुवारीनंतर मी एक दिवसही कामावर आलो नाही," यांनी त्याला हिंदीत सांगितलं. "फेब्रुवारी लिख."

डोक्यात तिडीक गेली. जीव गेला तरी चालेल, तारीख खरी हवी! परतताना गाडीचं दार मी आपटूनच लावलं. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग सोपा होता.

बिल्डिंगची लिफ्ट बंद. पहिल्याच मजल्यावर हे पायरीवर बसले, छातीवर हात ठेवून. "जानेवारी काही लांब नाही," म्हणाले.

मी शेजारी बसले. यांना बोल लावायला तोंड उघडलं होतं, पण ऑर्डरी संपू देत, असं मीच म्हटलं होतं.