अर्ध्या ताटावरून

निरीक्षण करताना बोलायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मुलाच्या घरी जेवणाच्या वेळी जायचं, भिंतीला टेकून बसायचं आणि अर्धा तास नुसतं बघायचं. सांभाळणारं माणूस मुलाशी बोलतं का, त्याच्याकडे बघतं का, पाठीवरून हात फिरवतं का, मूल काही मागतं का. असे चार रकाने आणि खाली शेरा. समाजकार्याच्या वर्गात आमच्या मॅडम सांगायच्या की घर समजून घ्यायचं तर जेवताना बघा, जेवताना माणूस नाटक करत नाही. ते मला इतकं पटलं होतं की त्यापुढे मी डोकं चालवलंच नाही.

ते घर बोरीच्या पुढच्या एका खेड्यात होतं. घरात दोघीच, सत्तरीची आजी आणि सहा वर्षांची नात. नातीची आई वारलेली. बापाने दुसरं लग्न करून दूर बिऱ्हाड थाटलं आणि पोरीचं पुन्हा नाव काढलं नाही. गावातल्या कुणीतरी फोन करून कळवलं की म्हातारीच्यानं पोर सांभाळणं होत नाही. म्हणून प्रकरण मुलांच्या समितीपुढे आलं. पोर आजीकडे राहणार की परभणीच्या बालगृहात जाणार, हे समिती ठरवणार होती, आणि समिती ते ठरवणार होती माझ्या अहवालावरून. माझी नोकरी तेव्हा दोन वर्षांची होती आणि स्वतःवरचा विश्वास वीस वर्षांचा.

मी गेले ती श्रावणातल्या सोमवारची संध्याकाळ होती. माझ्या लेखी सोमवारचा अर्थ एवढाच, की शाळा लवकर सुटलेली असणार आणि पोर घरी सापडणार. मी परभणी शहरात वाढले. वडिलांचा देवधर्माशी उभा दावा, त्यामुळे घरात उपवास नाहीत, सोवळं नाही, काही नाही. आजीच्या गळ्यात लिंग होतं, कपाळावर विभूतीचे पट्टे होते. नुकतीच पूजा आटोपली असावी, घरभर उदबत्तीचा वास होता. पोरगी ताटं मांडत होती.

"बसा माय," आजी म्हणाली. "आज सोमवार हाय, आमी आता..."

"चालू द्या, चालू द्या," मी म्हणाले. "मी इथं नाहीच असं समजा."

तिचं वाक्य मी तोडलं, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी घड्याळ बघून वेळ लिहीत होते.

दोघी जेवायला बसल्या. भाकरी, मुगाचं वरण, वाटीत शेवयांची खीर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, घरात शब्द नाही. आजी पोरीकडे बघायची, बोटाने भाकरी दाखवायची. पोर मान हलवायची. पोरीच्या हातून वरण सांडलं, आजीने नुसतं फडकं पुढे सरकवलं. पोरीने खिरीची वाटी पुढे केली, आजीने वाढली. मी 'बोलणे' या रकान्यात फुली मारली. 'मूल काही मागते का' याच्यापुढे लिहिलं, फक्त खुणेने. ती शांतता मला सहन होईना. असल्या घरात हे पोर रोज जेवतं, असं मनात आलं आणि पोरीची कणव आली, खोटं कशाला सांगू.

विसाव्या मिनिटाला मीच नियम मोडला. "आजी, ही बोलत नाही का? कायम अशी गप्पच असते का?"

आजीने हात हलवला. थांब, असं काहीतरी. मला वाटलं हिला ऐकू येत नाही. मी जरा पुढे सरकून, आवाज चढवून तेच पुन्हा विचारलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आजीने आधी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे. अर्धी भाकरी शिल्लक होती, खिरीला तर हातही लागला नव्हता.

"बोलती की," ती म्हणाली. "लय बोलती."

आणि तिने ताटातच हात धुतला. ताट उचललं आणि मागच्या दाराने गोठ्याकडे गेली. पोरगी जागची हलली नाही. खाली मान घालून तिने शेवटच्या शेवईपर्यंत खीर संपवली.

मी लिहिलं, प्रश्न विचारताच आजी चिडून अर्ध्या ताटावरून उठल्या. बालिकेने कोणतीही भावना दाखवली नाही. रस्त्यावर शेवटची काळीपिवळी जीप हॉर्न देत होती, मी पळाले. मागे वळून पाहिलं तेव्हा आजी उंबऱ्यावर आली होती, हात वर करून काही म्हणत होती. ऐकायला वेळ नव्हता.

बुधवारी अहवाल दिला. निष्कर्ष असा, भावनिक दुर्लक्ष स्पष्ट, बालिकेस बालगृहात दाखल करणे हिताचे. आमच्या साहेबांनी वाचून मान डोलावली. समितीची तारीख पुढच्या मंगळवारी होती.

त्याच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या भाड्याच्या खोलीतून खाली घरमालकीण काकूंकडे गेले. टाकी भरून वाहत होती. काकू एकट्याच जेवत होत्या. "काकू, मोटार बंद करू का?" त्यांनी डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी डाव्या हाताने बटणाकडे असा काही हात फेकला की मी निमूट बटण दाबलं. जेवण झाल्यावर वर येऊन त्यांनी मला फैलावर घेतलं.

"काय गं, कळत न्हाई का? श्रावणातला सोमवार. दिवसभर निरंकार उपास करायचा अन् संध्याकाळी मुक्यानं जेवायचं. मधी एक शब्द निघाला तर तिथंच हात धुवायचा. तुझ्या मोटारीपायी मी उपाशी झोपले असते."

काकू जिना उतरून गेल्या आणि मी तिथेच पायरीवर बसले. मोबाइलमध्ये अहवालाचा फोटो होता, तो काढला. चिडून अर्ध्या ताटावरून उठल्या. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेली ती बाई माझ्या एका प्रश्नासाठी ताट सोडून उठली होती. उत्तर दिलं नाही तर ही कागदवाली बाई पोर घेऊन जाईल, एवढाच हिशेब तिने त्या घटकेत केला असणार. आणि तिच्या त्याच उत्तरावर मी पोर न्यायची शिफारस केली होती. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अहवाल गेलाय. आता गप्प बस. आपलं चुकलं असं तू समितीपुढे म्हणालीस, तर उद्यापासून आपल्या एकाही कागदावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. त्यात खरोखर हाल होणारी पोरंही मरतील." त्यांचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून ते जास्त टोचलं. मी एक पुरवणी पान लिहायला बसले, चारदा फाडलं, पाचव्यांदा सही केली.

सकाळी समितीच्या दारात दोघी बाकावर बसल्या होत्या. आजीच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीच्या तोंडातून दोन फ्रॉक डोकावत होते, वर शाळेचा दाखला घडी करून ठेवलेला. तिने पोरीचं सामान बांधूनच आणलं होतं. मला पाहून ती उठून उभी राहिली. मी नजर चुकवली आणि आत गेले.

पुरवणी पान वाचून अध्यक्ष बाईंनी ते शेजारच्या वयस्कर सदस्यांकडे सरकवलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे आधी लिहिलं ते खोटं?"

"खोटं नाही. दिसलं तेच लिहिलं. त्याचा अर्थ मात्र त्यांना विचारला नाही."

"आणि आता म्हातारीची दया आली म्हणून हे मौन आठवलं नाही कशावरून?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मी म्हणाले, "मी बाहेर थांबते. मुलीलाच विचारा." अध्यक्ष बाई म्हणाल्या, बाहेर नको, मागच्या खुर्चीवर बसा आणि एक अक्षर बोलू नका. या वेळी मी नियम पाळला.

पोरगी आत आली, एकटीच. सदस्यांनी सरळ विचारलं, "मागच्या आठवड्यात या मॅडम घरी आल्या होत्या, तेव्हा आजी जेवण सोडून उठली. तू काहीच का बोलली नाहीस?"

पोरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढंही कळत नाही का.

"बोलले असते तर माझं बी ताट गेलं असतं. खीर होती."

अध्यक्ष बाईंनी तोंडाला पदर लावला. सदस्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग ती खरंच लय बोलली. गोठ्यातल्या वासराचं नाव, आजी रोज वेणी किती ओढून घालते, आपण ह्या वर्षी पहिल्यांदा मुका सोमवार धरला आणि एकदाही मोडला नाही. ती थांबेना, तेव्हा मला माझ्या फुलीची लाज वाटली. निर्णय दहा मिनिटांत झाला. पोर आजीकडेच राहील आणि दर महिन्याला कुणीतरी भेट देईल.

बाहेर येऊन मी आजीला सांगितलं. तिला आधी कळेना. मग ती पिशवीतला दाखला काढून छातीशी धरून बसली. मी खाली तिच्यापुढे बसले आणि म्हणाले, "आजी, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं माय? चूक माझीच हाय. दिवेलागणीला घरी आलेलं माणूस, अन् त्याला जेवा म्हणलं न्हाई. हात धुवून म्हणायला आले, तर तुमी गाडीला पळालात. किती हात केला. आठ दिस झाले, मनातून जाईना."

तो वर केलेला हात मी काळीपिवळीत बसल्या बसल्या लिहून काढला होता. शेवटच्या शेऱ्यात, दोन शब्दांत. हातवारे, आक्रमक. पुरवणी पानात सगळं दुरुस्त केलं होतं, तेवढंच राहिलं होतं.